आप्पांची शनिवारची पाळी

सप्टेंबर लागला की आमच्या जिल्हा कचेरीला आमच्या लोकांचा उमाळा येतो. अकरा महिने ज्यांना आमची स्पॅनिश नावं धड उच्चारता येत नाहीत, ते एकदम ‘हिस्पॅनिक वारसा महिना’ म्हणत कागदी फुलं लावत सुटतात. माझं आडनाव आर्चुलेता, म्हणून समितीवर दरवर्षी मीच. आधीच कामानं नाकी नऊ, त्यात हे.

यंदा ब्रेंडाबाईंना, म्हणजे माझ्या साहेबांना, नवीनच सुचलं. ‘‘ओफेलिया, देशाच्या शेतीला तुमच्या लोकांचं योगदान! सत्कार तुझ्या वडिलांचा, तोही थेट पाटाच्या काठावर!’’

पाट तीनशे वर्षांचा. आमच्याच पूर्वजांनी खोदला, तेव्हा हा देशही नव्हता. पाणी पाळीनं मिळतं. आप्पांची पाळी पंधरा दिवसांनी एकदा, शनिवारी सकाळी सहा ते बारा. यंदा पावसानं दडी मारलेली, मिरचीनं माना टाकलेल्या. आजीच्या बियाण्याची मिरची ती. साठवणीचं बी उंदरांनी फस्त केलं होतं, त्यामुळे रानात उभं होतं तेवढंच उरलं होतं.

‘‘शनिवारी?’’ आप्पा म्हणाले. ‘‘टाळ्यांवर मिरची पिकते का गं?’’

‘‘आप्पा, तासाभराचं काम आहे.’’

‘‘मग तो तास माझ्या पाळीतला कशाला? मी रानात पाण्याला दारं धरत असणार. सत्कार तुम्ही उरकून घ्या.’’

एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, पण हट्ट असा की डोकं आपटावं!

शनिवारी काठावर खुर्च्या मांडल्या. पाट तुडुंब, त्यामुळे काठ पाझरत होता. ब्रेंडाबाईंचे पांढरे बूट चिखलात रुतले. ‘‘हे पाणी जरा बंद नाही का करता येणार? एकच तास?’’

माईक चालत नव्हता, गिटारवाले आले नव्हते, पाहुणे येऊन ठेपले होते. आमच्यात दुसऱ्याचं पाणी तोडण्याएवढं पाप नाही, हे मला दुधाच्या दातांपासून ठाऊक. तरी मी गेले आणि पाटाच्या तोंडाशी पाणी अडवायची फळी असते, ती खाली सरकवली. नऊ वाजले होते. पाणी नदीला गेलं.

तासाचे दोन झाले. भाषणं संपेचनात. ‘‘या लोकांसाठी पाणी म्हणजे जीवन!’’ पाहुणे कोरड्या पाटाकडे पाठ करून सांगत होते. मला वाटलं, उठून माईकच उपटावा.

शेवटी आप्पांचं नाव पुकारलं. तेवढ्यात पाटाच्या वळणावरून, कोरड्या पात्रातूनच, आप्पा आले. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल. पाणी कुठे फुटलं ते अख्खा पाट चाचपत शोधत आले होते. लोकांना वाटलं, प्रवेश असाच बसवलाय. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

‘‘पाणी कोणी तोडलं?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘अभिनंदन!’’ ब्रेंडाबाईंनी जाड लाकडी सन्मानफलक पुढे केला.

‘‘पाणी कोणी तोडलं?’’

अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी आप्पा सख्ख्या भावाशी चार वर्षं बोलले नव्हते.

‘‘मी, आप्पा.’’

आप्पांनी जाऊन फळी उचलली. पाणी काठावर चढून आलं ते खुर्च्यांखालूनच. ब्रेंडाबाई ओरडल्या, फलक माझ्या हातात कोंबून पळाल्या. अकरा वाजून गेले होते.

मी बूट काढले आणि आप्पांच्या मागे रानाकडे धावले. पाणी जोरात आलं नि पहिल्याच वाफ्याचा बांध फुटला. बियाण्याच्या ओळी पुढेच होत्या. मी हातात होता तो फलकच भगदाडात खुपसला, वर चिखल लिंपला. पाणी वळलं. बाराच्या आत चार ओळी भिजल्या, बाकीचं रान तसंच राहिलं.

आप्पांनी फलकावर फावड्यानं ठोकून पाहिलं. ‘‘फळी बरी आहे,’’ ते म्हणाले. पण मला नाही, वाफ्याला.

त्यानंतर अबोला. मी जेवण घेऊन जायची, ते खिडकीबाहेर बघत जेवायचे. रागही येत होता आणि रडूही, कारण चूक माझीच होती. कचेरीतली कागदी फुलं उतरवली, त्या संध्याकाळी ते माझ्या दारात आले. त्या चार ओळींचं मूठभर बी फडक्यात बांधून टेबलावर ठेवलं.

‘‘शनिवारी पाळी आहे,’’ म्हणाले. ‘‘फावडं तुझं तू आण.’’