छाटणीची प्रार्थना

छापखान्यात पुस्तकं शिवायची, पाठीला खळ लावायची, कडा कापून सरळ करायच्या. हे करता करता त्यांचं खरं नाव कधी गळून पडलं कोणाला कळलं नाही, मागं उरलं ते चिकटराव. एक तर खळीनं हात कायम चिकट. दुसरं म्हणजे पगार थकला तरी माणूस नोकरीला चिकटून. तीन महिने मालकांनी पगाराचं नाव काढलं नव्हतं आणि चिकटरावांची ते काढायची छाती होत नव्हती.

कारण दोघांचं चर्च एकच. मालक तिथल्या कारभाऱ्यांपैकी एक, आणि कारभाऱ्यांना तिथं 'वडील' म्हणायची पद्धत. आठवडाभर ज्याला मालक म्हणायचं त्याला रविवारी वडील म्हणायचं. आता बापाकडं पगार कसा मागणार?

अशात पाळकसाहेबांनी शिबिर जाहीर केलं : 'निसर्गातून आत्मिक वाढ'. मंडळीनं एक दिवस द्राक्षमळ्यात जायचं आणि पानाफांद्यांतून देवाला ओळखायचं. मळा मालकांच्या मेव्हण्याचा, त्यामुळं देव तिथं फुकटात भेटणार होता.

"वाढ गेली खड्ड्यात, आहे तो पगार मागा," बायको म्हणाली. "तिथं एकेकाला मोठ्यानं प्रार्थना करायला लावतील. तेव्हा देवाच्या आडून मालकाला ऐकवा. प्रार्थना चालू असताना तो काय तोंड घालणार?"

"अगं, पण देवाला काय वाटेल?"

"देवाला सगळं ठाऊक असतं म्हणता ना? मग गॅस संपत आलाय हेही ठाऊक असणार. मालकाला ठाऊक नाही, घोडं तिथं अडलंय."

मळ्यात छाटणीचे दिवस होते. पाळकसाहेबांनी मुकादमाच्या हातातली कात्री जवळजवळ हिसकावूनच घेतली. "देव हा माळी," ते म्हणाले. "तो छाटतो, कारण त्याला फळ हवं असतं. हे असं!" आणि कचकन कात्री चालवली. फांदी राहिली जागच्या जागी, खालची पाण्याची नळी मात्र तुटली आणि फवारा थेट साहेबांच्या तोंडावर.

"जिवंत पाण्याचे झरे!" चष्मा पुसत साहेब म्हणाले. मुकादम जे म्हणाला ते पवित्र शास्त्रात नाही.

मग प्रार्थना सुरू झाल्या. जो तो म्हणू लागला, प्रभू, माझी छाटणी कर. एकानं राग छाटायला दिला, एकीनं जिभेची धार, एकानं तंबाखू दिली आणि आमेन होताच खिसा चाचपून पाहिला. चिकटरावांची पाळी आली. समोर मालक डोळे मिटून, हात जोडून. मागून बायकोची नजर पाठीत रुतलेली.

"प्रभू, तू माळी, आम्ही फांद्या. माझीही छाटणी कर," त्यांनी सुरुवात केली. सगळ्यांनी तशीच केली होती, आणि आल्या आल्या देवाच्या तोंडावर पगार कसा फेकणार? "आणि हे प्रभू, आमच्या मालकांच्या हातून..."

इथं शब्द अडला. 'पगार' म्हणजे उघड्या आभाळाखाली अगदीच उघडावाघडा. 'थकबाकी' म्हटलं तर वीजबिल वाटतं. 'हक्काचं' म्हटलं की युनियन. चिकटरावांनी आवंढा गिळला. पाळकसाहेबांना वाटलं, गडी गहिवरला.

"आमेन!" ते गरजले. मंडळी गरजली. मालकांच्या डोळ्यांतून धार लागली.

"हे काय मागितलंत?" बायकोनं दंडाला चिमटा काढला.

"अगं, ती नुसती सुरुवात होती!"

सोमवारी मालकांनी आत बोलावलं. खुर्ची दिली. चिकटराव तिच्या काठावर टेकले.

"छापखान्याला एक माणूस कमी करावा लागणार होता," मालक म्हणाले. "कुणाला काढू? मला झोप नव्हती. मी देवाकडं खूण मागितली. आणि तुम्ही चारचौघांत, माझ्या हातून, छाटणी मागितलीत."

"अहो साहेब, ती माझ्या अवगुणांची!"

"काय छाटायचं ते फांदी नाही ठरवत."

"बरं, पण ते तीन महिने थकलेत..."

"चिकटराव," मालकांनी खांद्यावर हात ठेवला, "छाटलेली फांदी माळ्याकडं हिशोब मागते का?"

निरोपाची भेट म्हणून त्यांनी गेल्या वर्षीचं, धबधब्याचं कॅलेंडर दिलं.

पाळकसाहेबांना उलट हुरूप आला. चर्चचा मदतनिधी होता, तो ते मिळवून देणार होते. "फक्त रविवारी मंडळीपुढं उभं राहून साक्ष द्या. छाटणीनंतर फळ आलं म्हणा."

"अजून आलं नाही साहेब."

"विश्वासानं आलं म्हणा."

रविवार लांब होता आणि पोट जवळ. चिकटराव मळ्यात काम मागायला गेले. "नळ्या कापणार नाही ना?" एवढंच विचारून मुकादमानं कात्री दिली. पुस्तकांच्या कडा कापलेला हात फांदीवरही नीट बसला.

आदल्या ओळीतल्या वेलींच्या कापलेल्या टोकांतून थेंब गळत होते. पाऊस नव्हता, दव नव्हतं.

"रडतेय," मुकादम म्हणाला. "छाटलं की रडतेच. मुळाला पाणी चालू ठेवायचं, मग सावरते."

चिकटरावांनी एका टोकाखाली बोट धरलं. छाटणीचं प्रवचन जन्मभर ऐकलं होतं, पण वेल रडते हे कुणी बोललं नव्हतं. ते तिथंच मातीत बसले. नेहमीचे हे प्रभू, दयाळू प्रभू काही सुचेना. "देवा, मला राग आलाय," ते म्हणाले. "तुझा पण." घाईनं आमेन म्हणायला कुणी नव्हतं. उठले तेव्हा छातीवरचं ओझं तितकंच होतं, पण उचलायला आपण एकटे आहोत असं वाटत नव्हतं.

रविवारी साक्षीला उभे राहिले. पहिल्या बाकावर मालक, डोळे पुसायला रुमाल तयार.

"मी मळ्यात कामाला लागलोय," चिकटराव म्हणाले. "माळी वेल छाटतो, पण तिचं पाणी बंद करत नाही. मला छाटलं आणि तीन महिन्यांचा पगारही बुडवला. म्हणून मला कळलं, तो माळी देव नव्हता, आपले वडील होते. देवावरचा माझा राग गेलाय. वडिलांवरचा आहे."

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. मालकच सगळ्यांत मोठ्यानं गायले. मग निधीची बैठक झाली आणि चिकटरावांची आत्मिक वाढ अपुरी असल्याचं एकमतानं ठरलं. मदत पुढं ढकलली. पगाराचा विषय कुणी काढलाच नाही.

"मळ्यात बोलायचं तर गिळून बसलात," वाटेत बायको म्हणाली, "आणि आज तोंड मिटायचं तर घडाघडा! त्या पैशात गॅस आला असता."

"आला असता."

ती थोडी चालली. "तरी बरं बोललात," म्हणाली. मग कोपऱ्यापर्यंत रडली.

दुसऱ्या दिवशी चिकटराव मळ्यात गेले. ओळी अजून बऱ्याच बाकी होत्या. प्रार्थना आता तिथंच व्हायची, फांदी हातात धरून, उघड्या डोळ्यांनी. मिटायची सोयच नव्हती. कात्रीला धार होती, बोट गेलं असतं.