परतीची वेळ सांगेपर्यंत

मी एक ऑब्जेक्ट, म्हणजे एका बोटीची नोंद, बोलतोय. संगणकाच्या प्रोग्राममध्ये माझा साचा आहे, तो राहीने लिहिला, रत्नागिरीच्या एका मच्छीमार सोसायटीसाठी. एक बोट समुद्रात निघाली की त्या साच्यातून आमच्यापैकी एक जन्मतो. अंगावर मोजके रकाने: बोटीचं नाव, ती नेणारा तांडेल, सुटण्याची वेळ, परतीची वेळ. बोट आली की आम्ही संपतो.

माझा थोरला भाऊ मात्र जन्मलाच नाही.

साबेराने मोबाईलवर नवऱ्याची, उमेरची बोट नोंदवली. परतीचा रकाना रिकामा ठेवला. निघणाऱ्याला 'कधी येणार' असं त्यांच्या घरात विचारत नाहीत. बंदर सुटलं, की रेंज जायच्या आत तांडेल आपणहून फोन करून सांगतो.

प्रोग्रामला एवढा धीर नव्हता. रिकाम्या रकान्यात तो आपल्या मनाने शून्य भरायचा आणि लगेच तपासायला बसायचा. शून्य म्हणजे सुटण्याआधीच परतलेली बोट! चूक ठरवून त्याने भावाला गुपचूप बाद केलं. उमेरचा फोन आल्यावर साबेराने पाहिलं, तर नोंद दिसेना. तिला वाटलं, नेट नसेल.

सोसायटीच्या पडद्यावर 'सर्व बोटी बंदरात' असं होतं. उमेरचं इंजिन बंद पडलं, तरी साबेरा जेटीवर येऊन उभी राहीपर्यंत कुणी शोधायला निघालं नाही. बोट सापडली. उमेर नाही.

नंतर सोसायटीचे गुरुप्रसादकाका राहीला म्हणाले, "परतीची वेळ सक्तीची कर. त्याशिवाय नोंदच घेऊ नको."

"मग लोक नोंदच करणार नाहीत, काका."

उमेरचा मोठा भाऊ मुसा दारात उभा होता. "नवी सून उंबऱ्याच्या आत आली नाय, तोवर तिला भाकऱ्या किती थापतेस असं विचारतात काय गो बाय? तिला आधी घरात तर येऊ दे!"

राहीने खुर्ची पुढे ओढली.

तिने आमच्या जन्माचा क्रमच बदलला. आता आधी सगळे रकाने आपापल्या जागी बसतात. रिकामा रकाना रिकामाच राहतो. मग बोटीचं आणि तांडेलाचं नाव तपासलं जातं. परतीची वेळ भरली जाईल तेव्हाच तिची तपासणी. तोवर पडद्यावर ठळक दिसतं: 'बोट समुद्रात, वेळ यायची आहे'. काही चुकलंच, तर प्रोग्राम गप्प बसत नाही.

आज मुसाची बोट सुटली आणि मी जन्मलो. नोंद साबेरानेच केली. "तू राहू दे, दुसरं कुणी करेल," असं मुसा म्हणाला होता.

"मीच करणार, भाईजान," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिचा फोन वाजला. तिने माझा शेवटचा रकाना भरला: उद्या दुपार. मी तपासून पाहिलं. सुटण्याच्या नंतरचीच वेळ. बरोबर आहे.

ती वेळ टळली, तर मी साऱ्या जेटीला जागं करीन. पण मुसाभाई, ती पाळी आणू नका. वेळेवर या आणि मला संपवा.