कल्याणीचा पहिला सूर

लीड्सच्या हॉस्पिटलमधल्या त्या खोलीत आम्ही तिघी बसलो होतो: मी, आई आणि माझी धाकटी बहीण कल्याणी. म्हणजे तीच, सोल संगीत गाणारी, जिच्या पोस्टरपुढे लंडनच्या वेम्बलीत लोक सेल्फी काढतात. मी तिची मॅनेजर, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणारी.

तिच्या स्वरयंत्रावर गाठ झाली होती. भर शोमध्ये घशातून रक्त आलं आणि आवाज बंद. ऑपरेशन केलं नाही तर उरलासुरला आवाजही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून पोरगी एक अक्षर बोलली नव्हती. आज पहिल्यांदा गायचं होतं. आला आवाज तर आला, नाहीतर सगळंच संपलं.

आईचं मात्र चालूच. "लहानपणापासून सांगतेय, गरम पाणी पी. भीमजयंतीला हॉलमध्ये गायची तेव्हापासून घसा बसलेला."

"आई, त्या बसलेल्या घशावरच घर चाललंय आपलं. गप्प बस ना जरा, प्लीज."

खोटं नव्हतं ते. तिचा आवाज घोगरा, वर जाताना फाटायचा, आणि फाटला की अख्खं थिएटर रडायचं. विंगेत उभी राहून मीसुद्धा.

डॉक्टरांनी कीबोर्डची एक पट्टी दाबली. कल्याणीने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. तिने तोंड उघडलं. नुसती हवा. आईने डोळे मिटले.

"अगेन," डॉक्टर म्हणाले.

आणि सूर आला. स्वच्छ, सरळ, कुठेही न अडखळता वरपर्यंत गेला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. "परफेक्ट! टेक्स्टबुक!"

आई रडायलाच लागली. "बाई गं, किती गोड झाला गळा!"

मी हसायला गेले, जमेना. गोडच होता आवाज. असे गोड आवाज लंडनमध्ये ईलिंगच्या कुठल्याही शाळेत ढिगाने मिळतात.

कल्याणीने तिच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची ओळ धरली. नेहमी फाटायचा तिथे मुद्दाम जोर लावला. फाटला नाही. पुन्हा गायली. नाहीच.

"ताई, हा माझा व्हॉइस नाहीये."

मी नजर चुकवली. एवढी भित्री मी कधीच नव्हते.

मग ती डॉक्टरांकडे वळली आणि तिने इंग्रजीत, अगदी शांतपणे विचारलं, "ती गाठ परत बसवता येईल का?"

डॉक्टरांना वाटलं, ती गंमत करतेय. ते मनापासून हसले.