सोळा-सतराचा पाना

सासूबाई गिताबाई परातीत थोरल्या जावयाचे पाय धूत होत्या, म्हणजे हौशीरामाचे. पण हौशीरामाचं लक्ष आपल्या पायांकडे नव्हतं, सासूबाईंकडे नव्हतं, पाटाभोवतीच्या रांगोळीकडेही नव्हतं. ते ओट्याच्या खांबाला टेकवून ठेवलेल्या निळ्या पेटीकडे होतं. पेटी धाकट्या साडूची, मल्हारीची.

"पाय जरा फुडं घ्या, हौशीरामराव," गिताबाई म्हणाल्या.

त्याने पाय पुढे घेतला आणि पुन्हा पेटीकडे पाहिलं.

नव्व्याण्णव सालचा धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांतून एकदा हा महिना येतो आणि ग्रीसने काळ्या पडलेल्या पायांनाही कुंकू लागतं. म्हस्कूमामांची वस्ती न्हावऱ्याच्या पुढे, भीमेच्या अंगाला. मामांना दोन लेकी. थोरली अनसा न्हावरे फाट्यावरच्या हौशीरामाला दिली, धाकटी धुरपदा दौंडच्या मल्हारीला. दोन्ही जावई मेकॅनिक. म्हस्कूनं लेकी उजवल्या का गॅरेज काढलं, अशी चेष्टा गावात चालायची आणि इतकी वर्षं हौशीरामही त्यात हसायचा. गेल्या सहा महिन्यांत मात्र त्याचं हसू आटलं होतं. मल्हारीने पान्यांचा नवा सेट घेतल्यापासून.

टॉवेल-टोपी झाली, ओवाळून झालं. विषय मामांनीच काढला.

"मल्हारराव, पेटीत काय आणलंय एवढं?"

"पाने हायेत, मामा. चौफुल्यावर येक ट्रक बंद पडलाय. जेवून परस्पर तिकडंच जायाचं." मल्हारीने पेटी उघडली.

आत प्रत्येक पान्याला आपापली खाच होती. लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे ओळीने निजलेले, तोंड पाहावं असे लख्ख, वर परदेशी कंपनीचं नाव. मामांनी एक उचलून तळहातावर तोलला.

"बारीक हाय, पर वजन बघ की. आमच्या हौशीरामरावांचे पाने म्हंजी पहारीच."

सगळे हसले. हौशीरामही हसला, कारण न हसता बसला असता तर सगळ्यांना कळलं असतं. पण ते वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं.

शिरूरच्या बाजारात गोणपाटावर पाने मांडून बसणारा एक माणूस होता, तो किलोवर विकायचा. हौशीरामाची सगळी हत्यारं तिथली. वर्ष-दोन वर्षांत त्यांची तोंडं फाकायची, नटाची कड खायची. मग हौशीराम त्यांना घासायचा, कापायचा, तापवून वाकवायचा आणि जिथे हात शिरत नाही अशा जागेसाठी त्यातून काहीतरी निराळंच करायचा. 'पान्याचं नाव काय चाटायचंय? नट सुटला की झालं,' असं गिऱ्हाइकांना ऐकवायचा. ते त्याला खरंही वाटायचं.

आणि तरीही महिन्यापूर्वी दौंडला गेला तेव्हा मल्हारीने सेट घेतला त्या दुकानात तो शिरला होता. तोच सेट काढायला लावून सोळा-सतराचा रिंग पाना हातात घेतला होता. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं, की हे हत्यार करणाऱ्याने आधी माणसाच्या हाताचा विचार केलाय. दुकानदार म्हणाला, "आयुष्यभराची गॅरंटी. मोडला तर नवा देऊ. फक्त तापवायचा न्हाई, वाकवायचा न्हाई." हौशीरामाने किंमत ऐकली, पाना खाचेत ठेवला आणि चहा न घेता बाहेर पडला. हे त्याने अनसालाही सांगितलं नव्हतं.

जळावं असं मल्हारीने काही केलं होतं म्हणावं, तर तेही नाही. फुशारकी मारणारा माणूस परवडतो, त्याला चारचौघांत दोन शब्द सुनावता येतात. हा मुलखाचा नम्र. भेटला की वाकून नमस्कार, प्रत्येक वाक्याला 'साडूभाऊ'. हौशीरामाला तो नम्रपणाच सोसत नव्हता.

पुरणाचे धोंडे तळून झाले होते, पाट मांडून जेवणं नुकती सुरू झाली होती, एवढ्यात विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला. घरघर झाली आणि मोटार बसली. मामा ताटावरून उठले.

"लाईट दोनला जाती. ऊस आठ दिस कोरडा हाय."

"धोंड्याच्या दिशी जावयांना हिरीत उतरवता व्हय?" गिताबाई म्हणाल्या. "लोक काय म्हंतील?"

बारा वर्षं त्या विहिरीवर हौशीरामाचा शब्द चालत होता. आतल्या कपारीत पंप त्यानेच बसवला होता. काही बिघडलं की मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं, 'न्हावऱ्याला निरोप धाडा.' सासरवाडीत त्याला जो मान होता तो टॉवेल-टोपीचा नव्हता, या पंपाचा होता. नाहीतर फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमधल्या माणसाला कोण विचारतो.

आज मामा म्हणाले, "मल्हारराव, बघता का जरा? पेटी हायेच जवळ."

मामांच्या मनात काही नसावं. पेटी समोर होती, म्हणून बोलून गेले. पण हौशीरामाच्या हातातला घास हातातच राहिला.

"साडूभाऊ, तुमीच चला की," मल्हारी म्हणाला. "पंप तुमच्या हातचा हाय."

"छे, छे. मामांनी तुमाला सांगितलंय. आमच्या पहारी काय करायच्या तिथं?"

मल्हारी नव्या टोपीसकट विहिरीच्या पायऱ्या उतरला. हौशीराम काठावर उभा राहिला आणि मनातल्या मनात मोजू लागला. पंपाचं तोंड सहा नटांवर. पाच नट समोर, ते मल्हारी चहा होईपर्यंत सोडवणार. सहावा मागच्या अंगाला, पंप आणि दगड यांच्या सांदीत. तिथे दोन बोटंसुद्धा जेमतेम जातात. जगातला कुठलाही सरळ पाना तिथे फिरत नाही, मग तो सोन्याचा का असेना. त्या एका नटासाठी हौशीरामाने बारा वर्षांपूर्वी बाजारातला सोळा-सतराचा पाना मानेत दोनदा वाकवला होता. तो पाना या घडीला त्याच्या एम-एटीच्या हँडलला लटकवलेल्या खाकी पिशवीत होता.

त्याने ठरवलंही होतं. मल्हारी घामाघूम होऊ दे, पेटीतला पाना न् पाना लावून बघू दे, मामांच्या देखत हात टेकू दे. मग आपण सावकाश जायचं, पिशवीतून तो किलोवरचा पाना आणायचा आणि दोन मिनिटांत नट काढून द्यायचा. काही बोलायचं नाही. बोलायची गरजच पडणार नव्हती.

पाच नट झरझर निघाले. सहाव्यापाशी मल्हारी अडला. एक पाना लावून पाहिला, दुसरा पाहिला, रॅचेट लावून पाहिलं. पाव तास गेला. मामा सारखे विजेच्या खांबाकडे बघत होते, जशी काही लाईट त्यांना सांगून जाणार होती.

"हितं वाकडा पाना लागतोय," मल्हारी खालून म्हणाला. "साडूभाऊ, तुमच्याकडं व्हता न्हवं येक?"

आता बोलायची वेळ होती. हौशीरामाने तोंडही उघडलं. पण मल्हारीच्या आवाजात हरल्याची खूण नव्हती. शेजारच्या घरी विरजण मागावं तितक्या सहज त्याने विचारलं होतं, आणि हौशीरामाला पाहिजे होतं ते त्यात कुठेच नव्हतं.

"तो हारवला," त्याच्या तोंडून गेलं. "मागल्या साली."

बोलून झाल्यावर त्यालाच धक्का बसला. शब्द परत घ्यायला अजून सवड होती. 'थांबा, पिशवीत बघतो' एवढंच म्हणायचं होतं. पण मामा 'अरारा' म्हणाले, अनसा ओट्यावरून बघत होती, आणि तो क्षण टळला तो टळलाच.

मल्हारी वर आला. हात पुसले, पेटी उघडली आणि सोळा-सतराचा तो लख्ख पाना काढून हौशीरामापुढे धरला.

"मग ह्योच वाकवू."

"येड लागलं का तुमाला?" हौशीराम खरोखरच ओरडला. "ग्यारंटी जाईल त्याची. सेट फुटंल."

"जाऊ द्या. मामांचा ऊस जळंल त्यापरीस पाना ग्येलेला बरा." आणि जरा ओशाळून म्हणाला, "पर वाकवायचं तुमीच. मला त्यातलं येत न्हाई. आमी आपले दुकानातनं आणतो आन् वापरतो. तुमच्या हातात ती कला हाय, दौंडला चार माणसांत सांगत असतो मी."

महिनाभर हौशीरामाने मनात काय काय केलं होतं त्या सेटचं. कधी तो चोरीला गेला होता, कधी नकली निघाला होता, कधी भर चौकात त्याचा पाना मोडला होता. आता त्यातला एक पाना मालकाने आपण होऊन त्याच्या हाती दिला होता, नासवायला. आणि हौशीरामाला त्याक्षणी कुठेतरी पळून जावंसं वाटलं.

गिताबाईंनी पुरणाची कढई उतरवून चूल मोकळी करून दिली. बाभळीचे निखारे होते. मल्हारी नव्या कपड्यांत उकिडवा बसून फुंकणीने फुंकू लागला. पान्याची चकाकी आधी पिवळी झाली, मग निळी, मग गेलीच. मान लाल झाल्यावर हौशीरामाने गोठ्यातल्या लोखंडी मेखेत त्याची कडी अडकवली, दुसऱ्या टोकाला ओली चिंधी गुंडाळली आणि दाब दिला. स्वस्तातला पाना अशा वेळी मेणासारखा वळतो. हा वळेना. दोनदा, तीनदा तापवावा लागला. हौशीरामाला अजून एक वाट होती. जरा चुकीचा वाकवला असता तर नट सुटला नसता आणि सगळं पान्यावर ढकलता आलं असतं. पण हात ऐकायला तयार नव्हते. त्यांना एकच वाक येत होता, बारा वर्षांपूर्वीचा, आणि त्यांनी तोच दिला.

मल्हारी पाना बादलीत बुडवायला निघाला.

"पाण्यात नगं," हौशीराम म्हणाला. "काचंसारखा तडकंल. राखंत निवू द्या."

नट सुटला. पंपाच्या पोटात चिंधी अडकली होती, ती निघाली. पावणेदोनला पाणी पाटात पडलं आणि मामा त्याच्याबरोबर बांधावरून चालत गेले. परत आल्यावर मामांनी दोघांच्याही पाठीवर हात ठेवला. "जोडी हाय माझ्या जावयांची," म्हणाले. धोंडे निवले होते, तरी सगळ्यांनी आग्रह करकरून खाल्ले.

निघायच्या वेळी मल्हारीने पेटी बांधली. एक खाच रिकामी होती. वाकडा पाना त्याने सासूबाईंच्या हातात दिला.

"मामी, ह्यो साडूभाऊंच्या पिशवीत टाका. माझ्याकडं राहून काय उपेग? हिरीचं काम त्यांचंच हाय."

"आवो, न्हाई..." हौशीराम गाडीला किक मारता मारता वळला. पण गिताबाई एका हातात धोंड्यांचा डबा, दुसऱ्यात पाना आणि काखेत त्याचा नवा टॉवेल घेऊन पिशवीपाशी पोहोचल्याही होत्या. त्यांनी पिशवीचं तोंड फाकवलं. डब्याला जागा करायला हात आत घातला.

हात आतच थांबला.

मग त्यांनी जुना पाना अर्ध्यापर्यंत वर काढला. काळा, गंजाचा, मानेत दोनदा वाकलेला. दुसऱ्या हातातला त्याच्याशेजारी धरला. एका मापाचे होते दोन्ही, एका वाकाचे, फक्त एकाचं नाव अजून वाचता येत होतं. पाठीमागे मल्हारी धुरपदेशी काहीतरी बोलत होता. अनसा आईने दिलेल्या मिरच्या पदरात बांधत होती. मामा पाटाकडे बघत होते.

गिताबाईंनी हौशीरामाकडे पाहिलं. सकाळी हेच डोळे त्याच्या पायांवर वाकले होते. त्याने बघवलं तेवढं बघितलं आणि मान खाली घातली. त्या रागावल्या असत्या, मोठ्याने काही बोलल्या असत्या, तर तो कदाचित सगळं सांगून मोकळा झाला असता. त्यांनी काखेतला टॉवेल घेतला, नवा पाना त्यात घट्ट गुंडाळला, वरून गाठ मारली आणि जुन्याशेजारी ठेवून दिला. त्यावर डबा बसवला.

"वाजतील न्हाईतर," त्या हळू म्हणाल्या, त्याला एकट्याला ऐकू जाईल इतकंच. मग नेहमीच्या आवाजात, "नीट जावा. रस्ता खराब हाय."

अनसा मागे बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. रस्ता खरोखरच खराब होता. न्हावऱ्यापर्यंत उसाच्या गाड्यांनी पाडलेले खड्डे होते, आणि हौशीरामाने त्यांतला एकही चुकवला नाही.

"आज लई गप हायसा," अनसा म्हणाली.

गाडी आदळत होती, डबा हलत होता, आणि कान पिशवीकडे लावून तो गाडी चालवत होता. फाटा येईपर्यंत आतून काही वाजलं नाही.