डॉक्टरांचा कान

"डॉक्टर, पेशंट परत आलाय," असे म्हणत बेकरीवाल्याने मोटारसायकल गॅरेजच्या दारातच स्टँडवर लावली आणि बाहीने कपाळ पुसले. गाडी ढकलत आणली होती, हे त्याच्याकडे बघूनच कळत होते.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत. पदवीशी त्यांचा काही संबंध नव्हता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनावर टेकवायचे, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचे, ही त्यांची तपासणी. त्या वेळी गॅरेजात कोणी तोंड उघडलेले त्यांना खपत नसे. एका गिऱ्हाइकाला एकदा नुसती शिंक आली, तर त्या बिचाऱ्याला फुटपाथवर उभे केले होते.

"आता काय झालं?"

"तेच. चालते बरी, थांबली की बंद."

"काय?"

"थांबली की बंद!"

"ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?"

गाडी बेकरीवाल्याच्या वडिलांची. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, पण गाडी अजून रोज सकाळी पावाच्या टोपल्या घेऊन दारोदार जात असे. दर थांब्याला बंद पडणारी गाडी पाव पोचवणाऱ्याच्या काय कामाची?

"दोनदा झालं, डॉक्टर," तो चाचरत म्हणाला. "राग मानू नका. पण त्या चौकातल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं पडलं, जुना कार्बोरेटर काढून टाका, दुसऱ्या गाडीचा बसवू."

"दुसऱ्या गाडीचा? माझी कवळी तुझ्या तोंडात बसेल का?"

बेकरीवाला हसला. डॉक्टर हसले नाहीत.

"संध्याकाळी ये. आणि परत बंद पडली ना, तर शटर ओढतो. कायमचं."

बोलून गेले रागाच्या भरात, पण डॉक्टर दिलेला शब्द गिळणाऱ्यातले नव्हते. बेकरीवाला गेल्यावर त्यांना त्या शब्दाची काळजी वाटू लागली. कारण ही एकच गाडी परत आली असती तर गोष्ट वेगळी. अलीकडे दूधवाल्याची आली होती, चष्मेवाल्या बाईंची स्कूटर आली होती. पेट्रोलातच भेसळ आहे, असे त्यांनी दोघांनाही ठणकावून सांगितले होते. लेक तर फोनवर तेच तेच ऐकवत होती, बाबा, आता पुरे करा, हात थकलेत तुमचे. हात थकले? डॉक्टरांनी हात पुढे धरून बघितले. जरासुद्धा हलत नव्हते. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि कार्बोरेटर तिसऱ्यांदा खाली उतरवला.

या कार्बोरेटरचे दुखणे त्यांना पाठ होते. आत एक नळकांडे असते, त्याला स्लाइड म्हणतात. हँडलची मूठ पिळली की ते वर जाते, सोडली की खाली येते. वर्षानुवर्षे वरखाली होऊन ते झिजले होते, आणि ज्या पोकळीत ते सरकते तीही रुंदावली होती, त्यामुळे नको तिथून हवा आत शिरत असे. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी सुई आणि पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट बदलले होते. दुसऱ्या खेपेला लेथवाल्याच्या डोक्यावर बसून पोकळीला आतून पितळी अस्तर चढवून घेतले होते आणि तिच्या मापाची नवी स्लाइड घडवून घेतली होती. लेथवाला वैतागून म्हणाला होता, "डॉक्टर, एवढी मापं तर शिंपी नवऱ्या मुलाची घेत नाही."

आता त्यांनी एकेक भाग उजेडाकडे धरून बघितला. सुई सरळ. जेटचे भोक गोल. स्लाइड बोटाने ढकलली तर तुपात सरकावी तशी सरकली. आतला पोकळ, तरंगता फ्लोट पेट्रोलात बुडवून बघितला, एक बुडबुडा आला नाही. कुठे खोट काढायला जागा नव्हती. स्वतःचे काम इतके चोख निघाल्याचे दुःख त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

सगळे पुन्हा जोडून त्यांनी किक मारली. गाडी लगेच सुरू झाली. कार्बोरेटरच्या कुशीत एक छोटा पितळी स्क्रू असतो. पेट्रोलात हवा किती मिसळायची ते तो ठरवतो. बाकी सगळे भाग नवे घाला, शेवटचा निकाल त्या स्क्रूचा, आणि तो कुठे थांबवायचा हे सांगणार कान. डॉक्टरांनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानामागे लावली, डोळे मिटले, स्क्रू थोडा फिरवला, किंचित मागे घेतला. बसली. झकास, सूर लागला.

तरी ते उठले नाहीत. मान वळवून जिन्याकडे बघत राहिले. घर गॅरेजच्या वरच होते आणि जिना आतूनच होता. जिन्यात कोणी नव्हते. त्यांनी स्क्रू आणखी जरा फिरवला, पुन्हा जिन्याकडे बघितले. आपण काय बघतो आहोत हे त्यांचे त्यांनाच कळेना. शेवटी चिडून, इंजिन तसेच चालू ठेवून ते वर गेले.

बायको भाजी चिरत होती. लेकीने पाय मोडून घेतला म्हणून बायको तिच्याकडे राहायला गेली होती आणि कालच परतली होती.

"आज चहा नाही का?"

तिने आधी खाली मान घालूनच काहीतरी उत्तर दिले. मग आठवण झाल्यासारखी सुरी ठेवून त्यांच्याकडे तोंड केले.

"गाडी बसू दे की आधी."

"केव्हाच बसली."

"कुठं बसलीय? धापा टाकतेय नुसती."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला काय कळायचंय? लग्न होऊन आले तेव्हापासून पायाखाली हीच कटकट. आवाज सरळ झाला की मी चहा ठेवते आणि कप घेऊन जिन्यात येते. म्हणजे तुम्हाला गरम मिळतो."

"आणि सरळ नाही झाला तर?"

"तर नाही ठेवत. गार चहा चालतो का तुम्हाला?"

डॉक्टर स्टुलावर बसले. जिन्यात कप दिसला की स्क्रूवरचा हात काढायचा, नाही दिसला तर आणखी थोडा फिरवायचा. कधीपासून चालले होते हे? ठरवून मुळीच केले नव्हते, देवाशपथ. पण दूधवाल्याची गाडी, चष्मेवाल्या बाईंची स्कूटर, बेकरीवाल्याच्या दोन्ही खेपा, सगळे ती लेकीकडे असतानाचे. भेसळ पेट्रोलात नव्हती. त्यांना रडू आले नाही, पण लाज मात्र इतकी वाटली की तिच्याकडे बघवेना.

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले.

"माहितेय."

"कधीपासून?"

"तुम्ही मला 'पुटपुटू नकोस' म्हणायला लागलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही."

मग तिला हसू फुटले, आणि तिला हसताना बघून त्यांनाही. हसून झाल्यावर डॉक्टर उठले. दुपार कलली होती, बेकरीवाला यायला फार वेळ नव्हता, आणि शब्द दिला होता तो दिला होता.

"भाजी राहू दे. खाली चल."

"मी? गॅरेजात? मला साधं खोकू दिलं नाहीत तुम्ही तिथं."

"आता बोलायला बोलावतोय. चल."

ती हात पुसत खाली आली. डॉक्टरांनी तिच्यासाठी गिऱ्हाइकांचे स्टूल पुढे ओढले, फडक्याने पुसले. स्वतः जमिनीवर बसले, उजव्या हाताने स्क्रू धरला आणि डावा तळवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवला.

"सांग."

"काय सांगू? मला तुमची भाषा येत नाही."

"तुझ्या भाषेत सांग."

तिने मान तिरकी केली. "जड आहे. तोंडात घास ठेवून बोलल्यासारखी."

डॉक्टरांनी स्क्रू सैल केला.

"आता... आता घाईत आहे. मागे घ्या. थोडं. अहो, थोडं म्हटलं!"

त्यांच्या गॅरेजात त्यांच्यावर आजवर कोणी आवाज चढवला नव्हता. डॉक्टरांनी निमूट स्क्रू मागे घेतला. टाकीवरच्या तळव्याखालची थरथर हळूहळू एकसारखी होत गेली. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने एकदम हात वर केला.

"बास."

त्यांनी मूठ पिळली, सोडली. पुन्हा पिळली, सोडली. मग गाडी बाहेर काढून रस्त्यावरून एक चक्कर मारली, कोपऱ्यावर मुद्दाम थांबले, वळताना थांबले, दारात येऊन थांबले. कुठेही बंद पडली नाही. तळव्याला कळत होते, ती शांतपणे चालू होती.

तेवढ्यात समोरून बेकरीवाला रस्ता ओलांडताना दिसला. बायको झटकन उठली, स्टूल भिंतीला सारून जिन्याकडे निघाली. गिऱ्हाइकासमोर नवऱ्याचे झाकलेले उघडे पडू नये, एवढेच तिच्या मनात होते. डॉक्टरांनी तिचे मनगट धरले.

"थांब."

"अहो, तो आला. काय म्हणेल?"

"म्हणू दे."

बेकरीवाला आत आला. चालू गाडीकडे त्याने बघितले, वहिनींकडे बघितले, त्यांचे मनगट धरून उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे बघितले आणि विचारले, "झाली का, डॉक्टर?"

काय विचारले ते डॉक्टरांना ऐकू आले नव्हते, पण गिऱ्हाईक दारात उभे राहून दुसरे काय विचारणार? त्यांनी बायकोचे मनगट सोडले.

"हिला विचार," ते म्हणाले, आणि गाडीपासून बाजूला होऊन त्यांनी तिला पुढे यायला जागा करून दिली.