चौथ्या गाण्यातली आई

स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या लोर्ना आणि ड्युगल या भावंडांनी १९९२ साली आपल्या बँडचा नाचाच्या गाण्यांचा अल्बम घरीच, ड्युगलच्या खोलीत रेकॉर्ड केला होता. तीस वर्षांनी रेकॉर्ड कंपनी तो पुन्हा काढणार होती, म्हणून दोघं ग्लासगोच्या स्टुडिओत ऐकायला बसली होती.

चौथं गाणं संपलं तशी लोर्ना अस्वस्थ झाली. "यात एक बाई ओरडते, ती कुठे गेली?"

"तो गोंगाट होता ना? मी साफ केला," तरुण इंजिनिअर शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाला.

"गोंगाट नव्हे रे बाबा, आमची आई होती ती," ड्युगल म्हणाला.

रेकॉर्डिंग चालू असताना आईने दार ठोठावून दम भरला होता, "आवाज कमी करा मेल्यांनो, सूप गार झालंय." दुसरी टेप आणायची ऐपत नव्हती, म्हणून ते तसंच राहिलं. पुढे माळावरच्या रेव्ह पार्ट्यांमध्ये हजारो पोरं त्या जागी नाच थांबवून एका सुरात तेच ओरडायची. आई एकदा बघायला आली, तेव्हा लाजून लाल झाली होती. घरी येताना म्हणाली, "एवढ्या जणांना सूप कुठून घालू गं?"

तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. घरात तिचे फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र या एका गाण्यातच उरला होता.

इंजिनिअरने जुनी टेप लावली. दम ऐकू आला तसा पन्नाशी उलटलेला ड्युगल चपापून ताठ बसला. लोर्नाने त्याचा हात धरला.

"अजून एकदा लाव," ती म्हणाली.