दोन गावांच्या हातातली नळी

मी गवंड्याची लेव्हलची नळी बोलतेय. हसू नका. पंधरा मीटर लांब, बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी साधी प्लॅस्टिकची नळी आहे मी. मला छाती नाही, नाहीतर ती फुगवूनच सांगितलं असतं, की एका डोंगराचं पळून जाणारं पाणी दोन गावांनी मिळून थांबवलं, ते माझ्या भरवशावर.

हार्डवेअरच्या दुकानात मी वेटोळं घालून खिळ्याला टांगलेली होते. एका गवंड्याने मला मापून, कापून घेतलं. माझं काम सोपं. माझ्यात पाणी भरायचं आणि दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडचं पाणी आपसूक एका पातळीला येतं, त्यावरून जोतं सरळ घ्यायचं. इकडून तिकडे नेताना पाणी सांडू नये म्हणून दोघांनी टोकावर अंगठा दाबायचा, आणि माप घेताना दोघांनी सोडायचा. एकाने जरी दाबून धरला तरी मी खोटी ठरते. एकट्या माणसाला माझा काडीचा उपयोग नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

माझा गवंडी खालच्या गावचा. वर डोंगरउतारावर दुसरं गाव. दर पावसात वरच्यांची माती वाहून खालच्यांच्या तळ्यात येऊन बसायची. वरची कुरणं उघडी पडली, खालचं तळं बुजलं, विहिरी आटल्या, आणि दोन्ही गावं एकमेकांच्या नावाने खडे फोडत राहिली. शेवटी पाणलोटाचं काम बघणाऱ्या एका बाईंनी सगळ्यांना शाळेच्या एका खोलीत बसवलं. त्या म्हणाल्या, "माथ्यापासून तळ्यापर्यंत हा एकच उतार आहे. काम वरून खाली येणार. माथा आधी, तळं शेवटी."

खालच्यांनी नाकं मुरडली. "तळं आमचं बुजलंय, आणि फावडी त्यांच्या डोंगरावर मारायची होय?" पण कुरकुरत का होईना, आले. उताराला आडवे चर खणायचे होते, एकाच पातळीत, म्हणजे पाणी पळत नाही, जागच्या जागी मुरतं. ती पातळी मी दाखवणार होते. अट एकच ठरली. माझं एक टोक खालच्या गावाने धरायचं, दुसरं वरच्या गावाने. म्हणजे मागाहून संशयाला जागा नको.

वरच्यांकडून टोक धरायला एक मेंढपाळ बाई आली. सगळे तिला मावशी म्हणत. तिचा मेंढवाडा त्याच उतारावर होता. गवंडी ओरडायचा, "सोडा!" मावशी ओरडायची, "सोडलं!" आणि चुन्याची रेघ पुढे सरकायची. सहा चर असे झाले, एकाचीही पातळी बोटभर चुकली नाही.

सातव्या चराच्या सकाळी दोघांचं वाजलं.

"मावशी, तुमच्या मेंढ्यांनी चराच्या बांधावरचं नवं गवत फस्त केलं."

"मग तिथे पाटी लावा, गवंडीदादा. शिकवते त्यांना वाचायला."

झालं! दोघांनी तोंडं फिरवली ती दिवसभर. त्या दिवशी 'सोडा' नाही आणि 'सोडलं' नाही. गवंडी मुकाट्याने माप घेत होता, आणि मावशी त्याच्या हाकेची वाट बघत अंगठा दाबून उभी. मी आतून कासावीस झाले, पण मला कुठे ओरडता येतं? चर तिरका खणला गेला.

आठवड्याने एका दुपारी पाऊस कोसळला. चरातलं सगळं पाणी एका टोकाला धावलं, बांध फोडून मेंढवाड्यात घुसलं. दगडी भिंत गेली. तीन कोकरं गेली. मावशी चिखलात बसून रडली.

वरचं गाव खवळलं. "खालच्यांनी मुद्दाम पाणी आमच्या मेंढवाड्याकडे वळवलं. काम बंद!" अर्धा डोंगर अजून उघडा होता. काम इथेच थांबलं असतं तर उरलेली मातीही तळ्यात गेली असती, आणि ही दोन गावं पुन्हा कधी एकत्र आली नसती.

गवंडी एवढंच म्हणाला, "सगळ्यांसमोर पुन्हा मोजू."

दोन्ही गावं डोंगरावर सातव्या चरापाशी जमली. मावशीने टोक धरलं. कितीतरी दिवसांनी गवंड्याने हाक दिली, "सोडा!" तिने अंगठा उचलला, आणि माझ्यातलं पाणी चार बोटं सरकलं. मावशी पाण्याकडे बघत राहिली, मग आपल्या अंगठ्याकडे. तिला कळलं. नुकसान तिचं झालेलं, गाव तिच्या बाजूने. गप्प बसली असती तर माझ्याशिवाय कुणालाही कळलं नसतं.

"याने काही केलेलं नाही," ती मोठ्याने म्हणाली. "त्या दिवशी अंगठा मी सोडलाच नव्हता."

गवंडी आपलं टोक हातात धरूनच तिच्याजवळ आला. "हाक मी मारायला हवी होती, मावशी. रुसलो होतो."

दुसऱ्या दिवशी सातवा चर बुजवून नव्याने खणायला दोन्ही गावं आली. खालच्यांनी मेंढवाड्याची भिंतही उभी केली, आणि तिची पातळी मीच दिली. उरलेले चरही मग खणून झाले. पावसाळा सरला तेव्हा तळ्यात नवा गाळ नव्हता, नितळ पाणी होतं. ते बघायला वरचं गाव खाली उतरलं. इतका आनंद मी कुठल्याच जोत्यावर पाहिला नव्हता.

आता मी पिवळी पडलेय, आतून शेवाळलेय. तीन पायांवर उभं राहणारं नवं यंत्र आलंय, ते एकटा माणूसही चालवतो. चालवू दे. उद्या मावशी आणि गवंडी मला शेजारच्या खोऱ्यात नेणार आहेत. तिथल्या दोन गावांचं म्हणे एकमेकांशी बोलणंच बंद आहे.

येते मी. तेवढं ताजं पाणी भरून ठेवा, आणि एकेका गावचं एकेक माणूस द्या. बोलायला मी लावते.